विश्लेषण : वृद्धाश्रमातील मावशींचे प्रशिक्षण कोण तपासते?

आई किंवा वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायचे ठरले की कुटुंब आधी दोन-चार ठिकाणे पाहून येते. खोली हवेशीर आहे का, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे का, जेवण कसे असते, डॉक्टर किती दिवसांनी येतात, अनामत किती आणि महिन्याचे किती, हे सगळे विचारले जाते. व्यवस्थापक इमारत फिरवून दाखवतात. फिरता फिरता एका खोलीत एक मावशी आजोबांना भरवताना दिसतात. त्यांना हे काम कुणी शिकवले, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. वृद्धाश्रमात राहणाऱ्या ज्येष्ठांचा दिवस डॉक्टरपेक्षा या मावशींच्या हातात अधिक असतो. त्यांच्या प्रशिक्षणाबाबत कायदा काय सांगतो, अभ्यासक्रम कोणते आहेत, इंग्लंडने हा प्रश्न कसा हाताळला आणि कुटुंबांनी काय तपासावे, याचा हा आढावा.

हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात ती सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत देशातील ज्येष्ठांची संख्या सुमारे २३ कोटींवर जाईल. तेव्हा दर सात भारतीयांमागे एक जण साठीच्या पुढचा असेल.

वाढलेल्या आयुष्याबरोबर गरजही बदलली आहे. स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांना सोबत, जेवण आणि निवारा पुरतो. पक्षाघात झालेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला तेवढ्याने भागत नाही. त्यांना उठवावे, भरवावे, स्वच्छ करावे आणि वेळेवर औषध द्यावे लागते. मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असतील, तर ही सगळी जबाबदारी संस्थेवर येते.

वृद्धाश्रमात नेमके कोण काम करते?

साधारणपणे चार प्रकारची माणसे असतात. आठवड्यातून किंवा महिन्यातून येणारे डॉक्टर, असल्या तर एक-दोन सिस्टर, व्यवस्थापक आणि ज्यांना सगळे मावशी, मामा किंवा केअरटेकर म्हणतात ते मदतनीस.

यांपैकी डॉक्टर आणि सिस्टर यांची पात्रता कायद्याने ठरलेली आहे. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ‘केअरटेकर’ या शब्दामागे मात्र अशी कोणतीही अट नाही. आज धुणीभांडी करणारी महिला उद्या एखाद्या ब्युरोमार्फत बारा तासांच्या ड्युटीवर केअरटेकर म्हणून जाऊ शकते. तिचे पहिले प्रशिक्षण बहुतेकदा आधीच्या मावशींनी दाखवले तेवढेच असते. त्या मावशींची पद्धत बरोबर असेल तर ती पुढे जाते, चुकीची असेल तर तीही जाते.

यात आणखी एक विसंगती आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देण्यासाठी दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा लागतो. तीच गोळी रोज तीन वेळा ज्येष्ठांच्या तोंडात घालणाऱ्या व्यक्तीकडे कोणतेही प्रमाणपत्र नसले तरी चालते.

प्रशिक्षण नसेल तर काय बिघडते?

माया, सचोटी आणि कष्ट यांना पर्याय नाही. पण काही गोष्टी शिकल्याशिवाय कळत नाहीत.

बेडसोअर : अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर सतत दाब राहतो. तिथला रक्तपुरवठा कमी होऊन त्वचा मरते. जोखीम जास्त असलेल्या व्यक्तीला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देतात, ती याचसाठी. जखमेआधी त्वचेवर लालसर डाग येतो आणि तो बोटाने दाबला तरी फिका होत नाही. सावळ्या त्वचेवर हा डाग पटकन दिसत नाही. तिथे हात लावून जागा गरम किंवा कडक झाली आहे का, हे पाहावे लागते. हे ठाऊक नसेल तर पहिले लक्षण निसटते आणि जखम उघडल्यावरच धावपळ सुरू होते.

भरवणे : पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यात गिळण्याची क्रिया मंदावते. अशा व्यक्तीला आडवे ठेवून घाईने भरवले तर अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ताठ बसवणे, लहान घास देणे, आधीचा घास गिळला का ते पाहणे आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे न करणे, ही साधी शिस्त जीव वाचवू शकते.

उचलणे : काखेत हात घालून ओढून उठवण्याची सवय सर्रास दिसते. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा यामुळे निखळू शकतो. उचलणाऱ्याची कंबरही जाते.

औषधे : गोळी गिळता येत नाही म्हणून ती कुटून पाण्यात दिली जाते. काही गोळ्या शरीरात हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

वागण्यातील बदल : काल नीट बोलणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर ‘आता वय झालं’ म्हणून सोडून दिले जाते. लघवीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे किंवा औषधाचा परिणाम हेही कारण असू शकते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा आंघोळीला विरोध करतात तेव्हा ते हट्ट करत नसतात. समोरची व्यक्ती कोण आणि ती आपले कपडे का काढते आहे, हेच त्यांना उमगत नसते. हे न कळल्यास दटावणे सुरू होते आणि पुढे हात बांधून ठेवण्यापर्यंत मजल जाते.

भारतातील कायदा काय सांगतो?

या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे ‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७’. मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारा कायदा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या कलम १९ मध्ये वृद्धाश्रमांचा उल्लेख आहे. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम स्थापन करू शकेल आणि अशा वृद्धाश्रमांचे व्यवस्थापन, दर्जा व सेवा यांसाठी योजना आखू शकेल, असे ते कलम म्हणते. कायद्याची भाषा ‘करू शकेल’ अशी आहे, ‘केलेच पाहिजे’ अशी नाही. शिवाय रोख निराधारांसाठीच्या सरकारी वृद्धाश्रमांवर आहे. खासगी, पैसे आकारणाऱ्या वृद्धाश्रमातील मदतनीसाने काय शिकलेले असावे, याबद्दल या कायद्यात एकही कलम नाही.

बऱ्याच संस्था सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कंपनी म्हणून नोंदलेल्या असतात. ही नोंदणी संस्थेच्या कारभाराची आणि हिशेबाची असते, सेवेच्या दर्जाची नाही. संस्था आजारी व्यक्तींवर उपचार आणि शुश्रूषा करत असेल, तर १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होऊ शकतो आणि त्यात पात्र वैद्यकीय मनुष्यबळाची अट येते. पण ‘आम्ही फक्त राहण्याची सोय करतो’ असे म्हणणारी संस्था सहसा या चौकटीबाहेर राहते, मग आत निम्मे लोक अंथरुणाला खिळलेले का असेनात.

ही पोकळी भरण्याचा एक प्रयत्न झाला होता. डिसेंबर २०१९ मध्ये २००७ च्या कायद्यात बदल करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. ज्येष्ठांची निवासी केंद्रे आणि घरी सेवा पुरवणाऱ्या संस्था यांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके अशी तरतूद त्यात होती. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीने अहवालही दिला. पण ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर आपोआप रद्द ठरले.

मग अभ्यासक्रमच नाहीत का?

अभ्यासक्रम आहेत. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ ही कामे निश्चित केलेली आहेत. आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेमार्फत त्यांचे प्रशिक्षण आणि परीक्षा होते. अंथरुणातच स्पंजिंग करणे, कूस बदलणे, व्हीलचेअरवर बसवणे, डायपर बदलणे, लघवीचे प्रमाण नोंदवणे, संसर्ग टाळणे अशा गोष्टी त्यात शिकवल्या जातात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थाही ज्येष्ठांच्या शुश्रूषेचे अभ्यासक्रम चालवते.

अडचण पुढे आहे. हे प्रमाणपत्र असेल तरच कामावर घ्या, असे वृद्धाश्रमांना कुणी सांगितलेले नाही. प्रमाणपत्राने पगारात फारसा फरक पडत नसेल, तर काही महिन्यांचा रोजगार बुडवून प्रशिक्षण घ्यायला कोण येणार? आणि जे घेतात त्यांना रुग्णालयांत किंवा परदेशात अधिक पैसे मिळतात.

परदेशाचा दरवाजा मात्र पात्रता तपासूनच उघडतो. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात झालेल्या करारानुसार भारतीय तरुणांना जपानमध्ये शुश्रूषेचे काम करता येते. त्यासाठी जपानी भाषेची आणि शुश्रूषेच्या कौशल्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात आरोग्य क्षेत्रातील कामांचाही समावेश आहे आणि जर्मन भाषेचे प्रशिक्षण हा त्याचा मुख्य भाग आहे. म्हणजे साताऱ्याच्या मुलीला ओसाकातील आजींची शुश्रूषा करायची असेल तर परीक्षा द्यावी लागते, साताऱ्यातील आजींची करायची असेल तर नाही.

इंग्लंडने काय केले?

इंग्लंडमध्येही दहा-बारा वर्षांपूर्वी चित्र फारसे वेगळे नव्हते. स्टॅफर्ड येथील रुग्णालयात वृद्ध रुग्णांना घाणेरड्या अंथरुणात, पाण्याविना ठेवल्याचे प्रकार उघड झाले. त्याच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यानंतर पत्रकार कॅमिला कॅव्हेंडिश यांच्याकडे सरकारने मदतनीसांच्या कामाचा आढावा सोपवला. रुग्णालये, केअर होम आणि घरोघरी मिळून १३ लाखांहून अधिक मदतनीस काम करतात आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचे कोणतेही किमान मानक नाही, असे त्यांनी जुलै २०१३ च्या अहवालात दाखवून दिले.

त्यातून एप्रिल २०१५ मध्ये ‘केअर सर्टिफिकेट’ आले. त्यात सुरुवातीला १५ मानके होती. व्यक्तीची प्रतिष्ठा व खासगीपणा जपणे, अन्नपाणी, स्मृतिभ्रंशाची ओळख, छळ ओळखून तक्रार करणे, प्राथमिक जीवरक्षण, संसर्ग नियंत्रण, माहितीची गोपनीयता हे त्यातले काही विषय. २०२५ मध्ये बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांवरील सोळावे मानक जोडले गेले. नव्या कर्मचाऱ्याने साधारण बारा आठवड्यांत, काम करता करता हे पूर्ण करावे अशी अपेक्षा असते. लेखी उत्तरे पुरत नाहीत. प्रत्यक्ष काम करताना कुणीतरी जबाबदार व्यक्ती पाहते आणि मग शेरा देते.

याला आधार २०१४ च्या नियमांचा आहे. पुरेशा संख्येने पात्र, सक्षम, कुशल आणि अनुभवी माणसे नेमणे आणि त्यांना प्रशिक्षण व देखरेख देणे ही केअर होमची कायदेशीर जबाबदारी आहे. ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही नियामक संस्था तपासणी करते आणि ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’, ‘सुधारणा आवश्यक’ किंवा ‘अपुरे’ अशी श्रेणी सर्वांना पाहता येईल अशी जाहीर करते. काम सुरू करण्याआधी गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते. व्यवस्थापकाची नोंदणीही याच संस्थेकडे होते.

तिथे सगळे सुरळीत आहे का?

नाही. केअर सर्टिफिकेट हे नाव घेऊन कायद्याने सक्तीचे केलेले नाही. तपासणीत त्याची अपेक्षा असते, एवढेच. ते नोकरी देणारी संस्थाच देते. त्यामुळे एका ठिकाणचे प्रमाणपत्र दुसऱ्या ठिकाणी विश्वासार्ह मानले जाईलच असे नाही आणि तेच प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागते. हा दोष दूर करण्यासाठी २०२४ मध्ये परीक्षा मंडळांमार्फत मिळणारी स्वतंत्र पात्रता आणली गेली. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये प्रौढांच्या केअर होममधील मदतनीसांना नियामक संस्थेकडे नाव नोंदवावे लागते. इंग्लंडमध्ये मदतनीसांची अशी नोंदवही अजूनही नाही.

पगार किमान वेतनाच्या आसपास असल्याने माणसे टिकत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने मदतनीसांसाठी व्हिसा खुला केला. भारतातूनही मोठ्या संख्येने लोक गेले आणि एजंटांनी उकळलेल्या पैशांच्या तक्रारीही पुढे आल्या. २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद झाली आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये केअर वर्करची नोकरी लावून देतो, असे आजही सांगणाऱ्या एजंटपासून सावध राहायला हवे.

महाराष्ट्रात सक्ती केली तर?

यावर वृद्धाश्रम चालकांचा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे. अनेक संस्था देणग्यांवर चालतात. प्रशिक्षित माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. उद्या दहावी आणि प्रमाणपत्राची अट घातली, तर वीस वर्षे हेच काम निगुतीने करणाऱ्या, पण सातवीपर्यंत शिकलेल्या मावशी आधी बाहेर पडतील. त्यांच्या जागी येणारी दहावी झालेली मुलगी त्यांच्याइतकी चांगली असेलच असे नाही. लहान संस्था बंद पडल्या तर तिथल्या ज्येष्ठांनी जायचे कुठे, हा प्रश्नही उरतो.

इंग्लंडच्या अनुभवातला उपयोगी भाग इथेच आहे. तिथे नोकरीआधी पदवी मागितलेली नाही. नोकरीवर घ्या, पण ठरावीक आठवड्यांत शिकवा आणि प्रत्यक्ष काम पाहून तपासा, असे सांगितले आहे. भारतातही आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत केलेली आहे. ती वृद्धाश्रमांपर्यंत नेली, प्रशिक्षण मराठीत आणि वृद्धाश्रमातच दिले, तर मावशींना काम सोडावे लागणार नाही. त्यांच्या हाती प्रमाणपत्र येईल आणि पगारवाढ मागण्यासाठी आधारही मिळेल.

कुटुंबांनी काय विचारावे?

नियम येतील तेव्हा येतील. तोपर्यंत तपासणीचे काम कुटुंबांकडेच आहे. प्रवेशापूर्वी पुढील प्रश्न थेट विचारावेत.

१. रात्री किती मदतनीस ड्युटीवर असतात आणि त्यांच्याकडे किती ज्येष्ठ असतात? रात्री सिस्टर असते का?

२. सिस्टरची परिचर्या परिषदेकडील नोंदणी दाखवता येईल का?

३. नव्या मदतनीसाला कोण, किती दिवस शिकवते? एकट्याने काम करू देण्याआधी त्याचे काम कोण पाहते?

४. मदतनीस संस्थेचे आहेत की ब्युरोचे? त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का?

५. कूस बदलल्याची, औषधे दिल्याची आणि पडल्याच्या घटनांची नोंदवही आहे का? ती पाहायला मिळेल का?

६. सध्या संस्थेत किती जणांना बेडसोअर आहेत? त्यांतील किती जणांना ते इथे आल्यानंतर झाले?

७. कुणी आक्रमक झाले किंवा रात्री उठून फिरू लागले तर काय करता? बांधून ठेवता का?

शक्य असेल तर जेवणाच्या वेळी जावे. ज्यांना भरवावे लागते त्यांना ताठ बसवले आहे का, एकच मावशी एका वेळी किती जणांना भरवतात, हे पाच मिनिटांत दिसते. दाखल केल्यानंतर भेटीला जाल तेव्हा टाचा आणि पाठ स्वतः पाहावी. ज्येष्ठांशी गैरवर्तन होत असल्याचा संशय आल्यास १४५६७ या ‘एल्डरलाइन’ क्रमांकावर विनामूल्य संपर्क साधता येतो.

व्यवस्थापक या प्रश्नांनी चिडले, तर तेही एक उत्तरच आहे. चांगली संस्था नोंदवही समोर ठेवते आणि मावशींना बोलावून ओळख करून देते. रात्री दोन वाजता आईने हाक मारली तर खोलीत येणार आहेत त्या याच मावशी. त्यांची ओळख आणि त्यांना काय येते याची माहिती प्रवेशाचा अर्ज भरण्याआधीच करून घेतलेली बरी.